४४/०८

मे महिन्यात नागपुरात बोलायला दोनच विषय, कूलरच्या ताट्या बदलल्या का आणि आज किती गेलं. दुसऱ्या विषयावर तर प्रत्येकाचा आपापला आकडा असतो, कोणाचा कारच्या डॅशबोर्डवरचा, कोणाचा मोबाईलमधला, कोणाचा नुसता मनातला. मे २०२४ च्या अखेरीस तर एका ऑटोमॅटिक केंद्राने चक्क ५६ दाखवलं, हवामान खात्यानेच नंतर सेन्सरचा बिघाड म्हणून ते बाद केलं, पण तोवर ते सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरून आलं होतं. म्हणून मी आपला सोनेगाव विमानतळाचे मेटार उतरवून ठेवतो, म्हणजे वैमानिकांसाठी ठरलेल्या वेळी निघणारी हवामानाची एक ओळ. असते रोमन लिपीत, देवनागरीत लिहिली तर साधारण अशी, व्हीएएनपी १५०९००झेड २९०१०केटी ६००० ४४/०८ क्यू१००२.

शेजारचे काकाजी स्क्रीनकडे बघून म्हणाले, "पेपरात आलं ना बाप्पा ४४, मग तू कायले येवढं करून राहिला?"

आता त्यांना काय सांगू. या एका ओळीत आकडेच आकडे आहेत आणि एकावरही पाटी नाही. १५ ही तारीख, ०९०० ही ग्रिनिचची वेळ म्हणजे आपले दुपारचे अडीच, २९० ही वाऱ्याची दिशा, ६००० मीटर दृश्यता. यातलं ४४ हे तापमान तेवढं उचलायला मी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहितो. तिला नुसतं "आकडे काढ" म्हटलं तर ती इमानदारीत सगळेच काढून समोर ओतते. कितव्या शब्दावर तापमान आहे हेही मोजून चालत नाही, ढग आले की मधे एकदोन शब्द वाढतात. तिरपी रेघ शोधावी तर धावपट्टीची दृश्यता आर३२/०८०० अशी लिहायची पद्धत आहे, म्हणजे ऐन थंडीच्या धुक्यात स्क्रिप्ट ३२ डिग्री सांगून मोकळी. त्यापेक्षा क्यू पकडायचा, तो हवेचा दाब, आणि त्याच्या आधीचा शब्द उचलायचा. माणूस नाही का पत्ता सांगत, अमक्याच्या अलीकडचं घर!

हे काम मी ऑकमध्ये करतो, म्हणजे मजकुरातून शब्द आणि आकडे वेचायच्या एका जुन्या टूलमध्ये. १९७७ ची गोष्ट, बेल लॅब्समध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांनी ते बनवलं आणि आडनावांच्या आद्याक्षरांवरून नाव ठेवलं. त्याची एक खोड मला फार आवडते, कुठल्याही शब्दात शून्य मिळवा, सुरुवातीला जेवढा आकडा लागेल तेवढा घेऊन बाकीचं ते मुकाट्याने सोडून देतं. ४४/०८ अधिक शून्य बरोबर ४४. कुरकूर नाही, एरर नाही. (१,२५० दिलं तर मात्र १ घेतं, म्हणून बिलांच्या फाईलींवर ही युक्ती लावू नका.)

पण इथे सोडून दिलेलं ०८ हेच खरं तर कामाचं. तो दवबिंदू, हवेत ओल किती ते त्यावरून कळतं आणि आपला कूलर सगळा त्याच्यावरच चालतो. ४४/०८ असताना नुसत्या पाण्याच्या जोरावर हवा साधारण २१ पर्यंत थंड होऊ शकते, हे कागदावर, घरचा कूलर तितका नाही पोचत, तरी रात्री चादर लागते. आणि जूनमध्ये ३६/२४ झालं की हिशेबानेच ती २७ च्या खाली जात नाही, तापमान ८ डिग्री उतरलेलं असूनही अंगाला चिकचिक, आणि घरोघरी पंप बिघडला म्हणून मेकॅनिकला फोन सुरू. पंपाचा बिचाऱ्याचा काही संबंध नसतो.

तर आता मी स्प्लिट लावून रेघेच्या दोन्ही बाजूंचे दोन कॉलम काढतो. काकाजींना दुसरा कॉलम दाखवला, तर म्हणाले हा तर पेपरात येतच नाही, आणि खुर्ची ओढून बसले.