गाडीतली शेगडी, तिसरा रविवार: धूर गेला एकदाचा

पेटली! या एका उद्गारचिन्हासाठी तीन रविवार गेलेत, त्यामुळे जरा सहन करा.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात, फोर्सची जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेतलीय (इंदूरजवळ पीथमपूरलाच बनते ती, म्हणजे माहेर जवळच), तिची कॅरॅव्हॅन करतोय आणि फेब्रुवारीत हिमाचल गाठायचंय. इंदूरच्या थंडीला एक स्वेटर पुरतो पण तिकडे रात्री पत्र्याच्या डब्यात झोपायचं म्हणजे गंमत नाही, म्हणून लाकडावरची शेगडी.

बॉडीसाठी लोहामंडीत 8 इंची एमएस (साध्या पोलादाच्या) पाइपचा तुकडा मिळाला, 6 एमएम जाडीचा, 35 सेंटीमीटर कापून घेतला तर तेवढाच 11 किलो भरला. सगळे म्हणत होते गॅसची टाकी काप, फुकटात काम होईल, पण एक तर घरगुती टाकी आपल्या मालकीची नसते, ती कंपनीची, आणि आत उरलेल्या गॅसवर ग्राइंडर चालवायची माझी छाती नाही. पाइप आडवा, मागच्या तोंडाला 5 एमएमची प्लेट, पुढे दार, वर 3 इंची स्टीलची चिमणी. दुकानदार चिमणीसाठी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप गळ्यात मारत होता, स्वस्त पडेल म्हणे, पण तापल्यावर त्यावरचं जस्त जळून जो धूर निघतो तो छातीत गेला की ताप भरतो, म्हणून नको म्हटलं. वेल्डिंग मीच केलं. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याने बघून विचारलं, "भिया, ये किसने चिपकाया?" मग बिजागऱ्या त्याच्याकडूनच लावून घेतल्या.

दाराला साधी काच चालत नाही, तडकते. मी अभ्रकाचा पत्रा लावलाय, इस्त्रीच्या एलिमेंटमध्ये असतो तोच. काजळी धरतो पण आतला जाळ दिसतो, आणि तो दिसला नाही तर एवढा उपद्व्याप केला कशाला!

आता मुख्य गोष्ट. पहिल्यांदा पेटवली तेव्हा सगळा धूर दारातून गाडीत. टपाला भोक पाडायचं जिवावर आलं होतं म्हणून मी चिमणी खिडकीतून बाहेर काढली होती, दोन काटकोनी बेंड लावून. खोकत खाली उतरलो तर आई अंगणात उभी, रामबागेतल्या घरी हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत चालतं. म्हणाली, "बंबाची नळी कधी वाकडी बघितलीस का रे?"

आमचा तांब्याचा बंब अजून माळ्यावर आहे. उतरवला, आत टॉर्च मारला. नळी मधोमध, सरळ वर, खाली जाळी, जाळीखालून हवा, बस. गरम धूर हलका होऊन वर चढतो आणि तोच खालून हवा ओढतो, प्रत्येक वळणावर ही ओढ कमी होत जाते, हे मला शाळेपासून माहीत होतं, तरी दोन बेंड लावलेच. शेवटी देवाचं नाव घेऊन टपाला भोक पाडलं, शेगडीपासून टोपीपर्यंत जवळजवळ 2 मीटर सरळ पाइप चढवला, आणि पेटवायच्या आधी चिमणीच्या तोंडाशी पेपरचा बोळा जाळून आतली थंड हवा हलवली. धूर सुर्रकन वर!

पण मग मी अतिशहाणपणा केला. बंबाची जाळीही कॉपी केली. सुताराकडून आणलेले सागवानाचे तुकडे अर्ध्या तासात दोन किलो फस्त, शेगडी भट्टीसारखी घुमायला लागली. बंबाला पाणी पटकन तापवायचं असतं, मला झोपेपर्यंत ऊब टिकवायचीय. शिवाय कोळशाला खालून हवा लागते, लाकूड राखेच्या गादीवर आणि वरून हवा घेऊन जास्त निवांत जळतं. जाळी काढली, इंचभर राख तशीच ठेवली, दाराच्या वरच्या बाजूला फट पाडली, आत आडवी प्लेट टाकली म्हणजे जाळ थेट चिमणीत पळत नाही. आता तासाला किलोच्या आतच लागतं. सुक्या लाकडाच्या किलोत साधारण 4 युनिट उष्णता असते, अर्धी वाया गेली तरी तेवढ्या गाडीला भरपूर. प्लायचे तुकडे मात्र घालू नका, त्यातल्या गोंदाचा धूर वाईट.

बोट भाजलं ते वेगळंच. टेम्परेचर गन चकचकीत स्टीलच्या चिमणीवर धरली, 70 दाखवलं, म्हटलं बघू जरा हात लावून. चकचकीत धातू उष्णता कमी फेकतो त्यामुळे गन फसते. तिथे सायलेन्सरच्या काळ्या पेंटचा ठिपका मारला तर त्याच जागी 200 च्या वर!

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या दिवसापासून आहे, गाडीच्या तळातून 2 इंची हवेचा पाइपही आहे, आणि झोपायच्या आधी शेगडी विझवायची. यावर माझ्याशी वाद घालू नका, त्या वायूला ना रंग ना वास.

पुढच्या रविवारी मागच्या भिंतीला पत्र्याची ढाल, टपाच्या भोकावर बादलीभर पाणी ओतून गळती बघणं, आणि जमलं तर जानापावच्या डोंगरावर एक रात्र, तिथला वारा टोपीची परीक्षा घेईल. पण त्याआधी आईचं काम. माळ्यावरून उतरवलाच आहे तर बंब घासून दे म्हणतेय, चिंच भिजत घालूनसुद्धा ठेवलीय.