स्वस्तातला आसूड आणि एका वादीसाठी वणवण

स्वस्तातला चामडी आसूड सुधारायला पैसे फारसे लागत नाहीत. डोकं उठतं ते एका वादीपायी. वेणी संपते तिथून पुढे जी एकेरी चामडी पट्टी लोंबते, तिला फॉल म्हणतात. लांबी जेमतेम दोन-अडीच फूट, रुंदी करंगळीपेक्षा कमी. धारावीत चामड्याची दुकानं रांगेनं उभी आहेत, तरी ही एवढीशी पट्टी मिळवताना जो वैताग येतो, तो बाकीच्या सगळ्या कामात मिळूनही येत नाही. म्हणून बाकीचं आधी भराभर सांगून टाकतो.

आसूड हातात आला की मूठ आडवी धरून बघा. मुठीपुढची वेणी हळूहळू कमान घेत खाली गेली तर माल बरा आहे. मूठ संपताच काटकोनात मोडून लोंबली, तर आतला गाभा पोकळ आहे. स्वस्त आसुडात चामड्याच्या गाभ्याऐवजी दोरी नाहीतर चिंध्या भरलेल्या असतात. हे मुळातून सुधारायचं तर सगळी वेणी उसवावी लागते, आणि नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये. चप्पल शिवायचा मेण लावलेला दोरा घ्या. मुठीच्या शेवटच्या चार सेंटिमीटरपासून सुरुवात करून पुढे वेणीवर दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत वेढ्याला वेढा भिडवत घट्ट गुंडाळा. मोडणारी जागा ताठ होते आणि हाताचा जोर पुढे पोचतो.

वेणी सैल असेल तर लाटून घ्यावी. जमिनीवर जाड कापड, त्यावर आसूड, वरून लाकडी पाट. मुठीकडून टोकाकडे दाब देत पुढे-मागे लाटत जायचं. पदर एकमेकांत बसतात आणि वेणी गोल होते. कोरड्या चामड्यावर हे करू नका, पदरांच्या कडा तडकतात. आधी वंगण लावून रात्रभर ठेवायचं.

वंगण घरी होतं. २० ग्रॅम मधाच्या पोळ्याचं मेण आणि ६० ग्रॅम नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल), गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवून ढवळायचं. आठ फुटी आसुडाला एका वेळी चहाचा चमचाभर पुरतं. नुसतं तेल ओतू नका. ते खोल मुरतं, चामडं ताणलं जातं आणि वेणी लुळी पडते. जवसाचं तेल तर हवेनं चिकट होतं, त्यावर धूळ बसते.

आता फॉल. आसूड कडाडतो कसा हे कळलं की या पट्टीवर इतका हट्ट का, ते कळेल. मुठीकडून निघालेला वळसा पुढे सरकतो तसा आसूड बारीक आणि हलका होत जातो, म्हणून वळशाचा वेग वाढत जातो. शेवटी तो आवाजाच्या वेगापलीकडे, सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या पुढे जातो आणि कडाका होतो. २००२ साली ॲरिझोना विद्यापीठातल्या अलेन गोरिएली आणि टायलर मॅकमिलेन यांनी गणितानं दाखवलं की कडाका निघतो तो या धावत्या वळशातूनच. या वाटेत वजन कुठेही एकदम वाढता कामा नये. स्वस्त आसुडात नेमकं तेच होतं. वेणीचं टोक बारीक आणि त्याला लावलेला फॉल त्याहून जाड, वर मऊ आणि रबरासारखा ताणला जाणारा. वळसा तिथे येऊन बसतो. माणूस मग हात जोरात मारायला लागतो, खांदा दुखतो आणि आवाज येतो तो फडफडल्याचा. दोष हाताचा नसतो, फॉलचा असतो.

हवी असलेली पट्टी अशी: लांबी ७० सेंटिमीटर, जाडी ३ ते साडेतीन मिलिमीटर, वेणीकडे रुंदी ९ मिलिमीटर, टोकाकडे ५. न ताणणारी. एवढं मागायचं तर सायन-वांद्रे लिंक रोडवरच्या दुकानांत पहिली अडचण मापाची. चामडं चौरस फुटांवर विकतात आणि उत्तर ठरलेलं: ‘पूरा पीस लेना पडेगा.’ दुसरी अडचण, तिथला बहुतेक माल जॅकेट आणि पर्सचा: क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं मऊ बकऱ्याचं-मेंढीचं कातडं, जाडी मिलिमीटरच्या आसपास. त्याची वादी पहिल्याच आठवड्यात ताणून दोरी होते. तिसरी अडचण सगळ्यात संतापजनक. ‘बेल्टचं चामडं’ म्हणून जे पुढे येतं, त्यातलं बरंचसं चिरलेल्या खालच्या थरावर प्लास्टिकचा लेप दिलेलं असतं. एका दुकानात खणखणीत म्हशीचं म्हणून हातात ठेवलेल्या पट्टीची कड उजेडात धरली तर दोन पातळ थर गोंदानं चिकटवलेले दिसत होते. वर ‘कोई फरक नहीं पडता’. पडतो! चार कडाक्यांत थर सुटतात.

म्हणून पैसे देण्याआधी कड बघा. आतपर्यंत तपकिरी असेल तर साल-हिरड्यावर कमावलेलं, निळसर-करडी दिसली तर क्रोमचं. दाणेदार बाजू बाहेर ठेवून घडी घाला. लेप असेल तर तो सुरकुतून तडकतो. पाण्याचा थेंब टाका. साल-हिरड्याचं चामडं थेंब पितं आणि तिथे काळवंडतं, लेपावरून थेंब ओघळतो. थर एकच आहे का, हे नखानं कड उचकून बघा. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू दे.

वाट सापडली ती कोल्हापुरी चपलांच्या कारागिराकडे. कोल्हापुरीचं चामडं बाभळीच्या साली आणि हिरड्यात कमावलेलं असतं, दाट आणि टणक. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे इथे म्हशीचंच मागावं, आणि फॉलला तेच उत्तम. तळाचं चामडं जाड असतं. रापीनं, म्हणजे चामडं तासायच्या हत्यारानं, मागची बाजू तासून साडेतीन मिलिमीटरवर आणून द्यायला सांगा. ज्याचा हात रापीवर बसलाय त्याला हे दोन मिनिटांचं काम. मजुरी मागेल ती द्या, घासाघीस करू नका.

कापताना जागा महत्त्वाची. पाठीकडचा भाग घ्यायचा आणि पट्टी कण्याला समांतर कापायची. पोटाकडचं चामडं सैल असतं, पाठीकडच्यापेक्षा बरंच जास्त ताणतं. दोन वाद्या एकदम कापून घ्या, दुसरी लागतेच. नवं पातं, पोलादी पट्टी, एकाच ओढीत काप. चारही कडांची धार हलकी तासून टाका. मग कोमट वंगण दोन्ही बाजूंनी चोळून दिवसभर मुरू द्या. शेवटी ५० सेंटिमीटरवर दोन खुणा करून पट्टीला पाच किलो वजन रात्रभर टांगा. जो ताण निघायचा तो निघून जातो. काढल्यावर खुणांमधलं अंतर एक सेंटिमीटरहून जास्त वाढलेलं दिसलं तर ती पट्टी मी लावत नाही.

जुना फॉल कात्रीनं उडवू नका. वेणीच्या पदरांच्या अर्धगाठींनी तो बांधलेला असतो. त्या गाठी किंचित ओल्या करून बोथट आरीनं शेवटून उलट क्रमानं सोडवा. नव्या वादीच्या रुंद टोकापासून एक सेंटिमीटर आत दीड सेंटिमीटरची उभी चीर द्या. वेणीचं टोक चिरेतून ओवायचं, पदर वादीलगत खाली धरायचे, आणि एकेका पदरानं वादी व उरलेले पदर कवेत घेऊन अर्धगाठ मारत जायचं. प्रत्येक गाठ आधीच्या गाठीखाली सरकवून आवळायची. पदर आखूड पडले तर वेणी तीन-चार सेंटिमीटर उसवा. आसूड तेवढा आखूड होईल, बिघडत नाही. वादीची गुळगुळीत बाजू आसुडाच्या नैसर्गिक वळणाच्या बाहेरच्या अंगाला राहिली पाहिजे. उलट लागली तर प्रत्येक फेकीत फॉल पीळ खातो.

क्रॅकर, म्हणजे फॉलच्या टोकाला बांधायचा शेवटचा तुकडा, नायलॉनच्या नाहीतर पॉलिएस्टरच्या दोऱ्याचा, १५ ते २० सेंटिमीटर, टोकाला दोन-तीन सेंटिमीटर मोकळा गोंडा. मिळालेल्या आसुडावर सुती क्रॅकर असला तर आधी तोच बदला, अगदी पहिल्या दिवशी. गोंडा झडला की नवा लावायचा, नाहीतर मार फॉलच्या टोकाला बसतो. फॉल झिजून ४५ सेंटिमीटरवर आला की दुसरी वादी बाहेर काढायची.

सरावाची जागा सांगायची राहिली. गच्चीच्या कोब्यावर वेणी खरवडली जाते, चौपाटीच्या वाळूचे कण पदरांत शिरून आतून कापतात. मैदानातलं कोरडं गवत, सकाळची वेळ, चहूबाजूंना आसुडाच्या लांबीच्या दुप्पट मोकळी जागा. डोळ्यांवर कारखान्यात वापरतात तसा चष्मा, डोक्यावर टोपी, पूर्ण बाह्या. यात सूट नाही, टोक परत येतं तेव्हा दिसत नाही.

जून ते सप्टेंबर आसूड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. सैल वेटोळं करून सुती पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पिशवी भिंतीला न टेकवता टांगलेली. तरी पांढरी छटा दिसली तर लगेच बुरशी समजू नका; मेण वर येऊनही तशीच दिसते. केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा हातभर अंतरावरून द्या. विरघळून नाहीशी झाली तर मेण होतं, कापडानं पुसून टाका. तशीच राहिली तर बुरशी. मग आसूड खिडकीबाहेर धरून कोरड्या ब्रशनं झाडा, निम्मं पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि सावलीत वाळवा. रंगवलेला आसूड असेल तर आधी मुठीच्या तळाशी एका ठिकाणी पुसून रंग सुटतो का ते बघा. वाळल्यावर वंगणाचा अगदी पातळ हात.