२५,००० रुपयांत सव्वा किलोचा लॅपटॉप: माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यात गावोगाव मोटरसायकलने फिरून ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं माझं काम. पीकविमा, महाडीबीटी, फार्मर आयडी, दाखल्यांची कागदपत्रं. लॅपटॉप दिवसभर पाठीवर असतो, उघडतो तो ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नाहीतर कोणाच्या ओसरीत. म्हणून अटी ठरलेल्या होत्या: वजन सव्वा किलोच्या आसपास, लाईन नसताना चार तास बॅटरी, बोटाचा ठसा घ्यायच्या मशीनसाठी साधा चौकोनी यूएसबी पोर्ट आणि विंडोज. चार्जर-बॅगसकट खर्च २५,००० रुपये.

विंडोजची अट महत्त्वाची आहे. ठसा घेणारी मशीन आणि डिजिटल सहीचं टोकन यांचे ड्रायव्हर विंडोजवर सरळ चालतात. क्रोमबुक किंवा २०२३चं जिओबुक वजनाला छान. जिओबुक तर ९९० ग्रॅमचंच आहे. पण त्यांच्यावर विंडोज नसतं. अभ्यास, व्हिडिओ, टायपिंग यापुरतं ठीक, सेवा केंद्राच्या कामाला ते चालत नाही.

नव्या लॅपटॉपमध्ये या पैशात जे मिळतं ते बहुतेक सेलेरॉन प्रोसेसर आणि ४ जीबी रॅमचं. त्यातले हलके जे असतात त्यांच्यात एसएसडीऐवजी ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी (साठवणीची साधी, हळू चिप) बोर्डावरच डागलेली असते. विंडोज ११ची किमान अटच ६४ जीबीची आहे, म्हणजे ६४ जीबीच्या मशीनमध्ये अपडेट आलं की जागा संपली. ती बदलताही येत नाही, रॅमही बहुधा डागलेली. ब्राउझरच्या पाच-सहा टॅब, एक पीडीएफ आणि स्कॅनर एकदम उघडले की असं मशीन अडकतं, आणि समोर शेतकरी ताटकळत बसलेला असतो. माझं स्पष्ट मत आहे, रोजच्या कामाला हा नवा माल घेऊ नये.

उरतो तो कंपन्यांनी वापरून काढलेला, दुरुस्त करून विकला जाणारा माल, म्हणजे रिफर्बिश्ड. हे लॅपटॉप मुळात महागडे, मजबूत बिजागरीचे आणि उघडून दुरुस्त करता येतील असे बनवलेले असतात. यात पहिली चाळणी प्रोसेसरच्या पिढीची. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. आय५-७२००यू यातला आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा ७, म्हणजे सातवी पिढी. आय५-८३५०यू म्हणजे आठवी. सातवीत दोन कोअर, आठवीत चार, त्यामुळे फरक नुसता कागदावरचा नाही. दुकानदार ‘यातही अकरा टाकून देतो’ म्हणतात. टाकता येतं, पण मायक्रोसॉफ्टने न मानलेल्या मशीनवर पुढची अपडेट मिळतीलच याची खात्री नसते. सातव्या पिढीचं मशीन तीन-चार हजारांनी स्वस्त मिळालं तरी मी ते सोडलं.

आठव्या पिढीत हलकी आणि आटोपशीर म्हणून तीन नावं समोर आली. लेनोवो थिंकपॅड एक्स२८० तिघांत सर्वांत हलका, पण रॅम बोर्डावर डागलेली आणि चार्जिंग फक्त टाईप-सीने. शिवाय त्या काळातल्या बऱ्याच थिंकपॅडमध्ये थंडरबोल्टच्या (टाईप-सी पोर्टामागच्या चिपच्या) आतल्या सॉफ्टवेअरमुळे टाईप-सी पोर्ट बिघडायचा. लेनोवोने त्यावर अपडेट दिलं होतं. पण जुन्या मालकाने ते वेळेत टाकलं होतं की नाही हे बाहेरून कळत नाही. चार्जिंगचा मार्गच तो असेल तर दोन्ही टाईप-सी पोर्टांना चार्जर लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एचपी एलिटबुक ८३० जी५ची स्क्रीन १३.३ इंची, रॅमच्या दोन खाचा, पण वजन थोडं जास्त. यातल्या काही मशीनला बाजूच्या माणसाला दिसू नये अशी ‘शुअर व्ह्यू’ स्क्रीन असते. ती उजेडात काळपट दिसते, आणि आपल्याला तर अर्जदारालाच शेजारी बसवून नाव-गट नंबर दाखवायचा असतो. तिसरा डेल लॅटिट्यूड ७२९०: १२.५ इंच, रॅमची एक खाच पण बदलता येणारी, दोन चौकोनी यूएसबी, एचडीएमआय, लॅनचा पूर्ण पोर्ट, आणि चार्जिंग गोल पिनने किंवा टाईप-सीने. मी हाच घेतला: आय५-८३५०यू, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी.

स्क्रीनबाबत एक गोष्ट. याच मॉडेलमध्ये १३६६ बाय ७६८ची स्क्रीनही येते आणि १९२० बाय १०८०चीही. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. लहान अक्षरात देवनागरी वाचायची असेल, रफार-वेलांट्या स्पष्ट हव्या असतील, तर दुसरीच घ्या. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन बघायला दहा सेकंद लागतात.

खरेदी नागपूरला, सीताबर्डीत केली. ऑनलाइन थोडं स्वस्त पडतं, पण जुना माल हातात घेऊन तपासण्याला पर्याय नाही, आणि परत पाठवायची वेळ आली तर आपल्याकडे कुरिअरवाला प्रत्येक गावात येत नाही. सकाळी लवकरची एसटी धरावी, कारण तपासणीला तास-दीड तास लागतो आणि संध्याकाळच्या गर्दीत दुकानदार तेवढा वेळ देत नाही.

सोबत एक पेनड्राईव्ह, त्यात क्रिस्टलडिस्कइन्फो हे एसएसडीची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर. आधी मशीन बंद करून काउंटरच्या काचेवर ठेवायचं. डगमगलं, किंवा टचपॅड वर उचललेला दिसला, तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. पुढचं बघायचंच नाही. मग चालू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरायचं (लेनोवोत एफ१, एचपीत एफ१०). बायोसला पासवर्ड असेल तर मशीन नको, कारण तो काढायला बोर्डाशी खेळावं लागतं. सुरक्षेच्या पानावर कॉम्प्युट्रेस (चोरीपासून बचावाची सोय) ‘ॲक्टिव्हेटेड’ असेल तरी नको. जुनी कंपनी ते मशीन दुरून बंद करू शकते. तिथला सिरीयल नंबर आणि खालच्या स्टिकरवरचा नंबर जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर बोर्ड किंवा खालचं झाकण बदललेलं आहे. डेलमध्ये एफ१२ दाबून डायग्नॉस्टिक्स चालवता येतं; रॅम, पंखा, डिस्क सगळं तपासून ते स्वतःच निकाल सांगतं.

यानंतरची तपासणी बहुतेक लोक करत नाहीत. विंडोज रीसेट करायला सांगा आणि पहिलं सेटअप वायफाय जोडूनच करा. काही मशीन जुन्या कंपनीच्या नावावर मायक्रोसॉफ्टकडे नोंदलेली असतात. इंटरनेट मिळालं की ते त्या कंपनीचं नाव दाखवून ऑफिसचा ईमेल मागतात. दुकानदाराने इंटरनेट न जोडता सेटअप केलेलं असेल तर हे लपून राहतं आणि पुढे कधी रीसेट केलं की आपण बाहेर. विंडोज सुरू झाल्यावर सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन इथे डिजिटल लायसन्स असल्याचं दिसायला हवं. एखाद्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेचा उल्लेख असेल तर ते १८० दिवसांपुरतं असतं.

कीबोर्डची प्रत्येक कळ नोटपॅडमध्ये दाबून बघा. परदेशातून आलेल्या मालात जर्मन किंवा फ्रेंच कीबोर्ड असतो आणि त्यावर इंग्रजी अक्षरांचे स्टिकर चिकटवलेले असतात. एंटरची कळ उभी, दोन ओळींची दिसली तर नखाने एक स्टिकर उचलून पाहा. आपल्या उन्हाळ्यात ते स्टिकर महिन्याभरात सरकतात. सिमची खाच दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, आत कार्ड बसवलेलं नसेल तर ती नुसती खाचच आहे. मोबाईलचा हॉटस्पॉट पुरतो.

आता बॅटरी, कारण खेड्यात याच्यावरच सगळं अवलंबून आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, एक जागा सोडून तिरपी रेघ (/) आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत टाईप केलं की अहवालाची फाईल तयार होते. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता असते. ७२९०मध्ये ४२ वॉट-अवर आणि ६० वॉट-अवर अशा दोन बॅटऱ्या येतात. माझ्यात ४२ची, आणि अहवालात ३३ शिल्लक, म्हणजे जवळपास ७९ टक्के. निम्म्या प्रकाशात ब्राउझरचं काम केलं तर हे मशीन ७ ते ८ वॉट खातं. ३३ला साडेसातने भागलं की चार तासांच्या थोडं पुढे. माझी गरज तेवढीच होती. ७० टक्क्यांखाली मात्र घेऊ नये, किंवा नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून घ्यावेत.

अहवालात क्षमता पूर्ण १०० टक्के आणि सायकल (चार्जिंगच्या फेऱ्या) शून्य दिसलं तर खुश होण्याआधी थांबा. ती बदललेली डुप्लिकेट बॅटरी असू शकते, आणि तिची चिप वाटेल तो आकडा सांगते. पूर्ण प्रकाशावर अर्धा तास व्हिडिओ लावा. त्यात साधारण ५ वॉट-अवर खर्च होतात, म्हणजे ३३च्या बॅटरीत १५ टक्के उतरायला हवेत. २५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरली, किंवा ४०वरून एकदम १०वर आली, तर ती बॅटरी टिकणार नाही.

बिल जीएसटीचंच घ्या, त्यावर मॉडेल, सिरीयल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. ‘भाऊ, काही झालं तर फोन करा’ ही वॉरंटी नव्हे.

चार्जरमध्ये डेलची एक खोड आहे. गोल पिनच्या मधोमध जी बारीक सुई असते तिच्यातून मशीन चार्जर ओळखतं. सुई वाकली किंवा चार्जर नकली असला, तर सुरू होताना ॲडॅप्टर ओळखता येत नाही असा संदेश येतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो. टास्क मॅनेजरमध्ये वेग १ गिगाहर्ट्झच्या खालीच अडकलेला दिसला तर विंडोजला दोष देऊ नका, चार्जर बघा. बॅगेत ठेवायला मी ६५ वॉटचा टाईप-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर घेतला. मूळ ठोकळ्यापेक्षा तो बराच हलका. मोबाईलचा ‘फास्ट’ चार्जर बहुधा चालत नाही, कारण लॅपटॉपला २० व्होल्ट लागतात. केबलही ५ अँपिअरची हवी, ३ अँपिअरच्या केबलमधून ६० वॉटच्या वर काही जात नाही.

घरी मात्र मूळ तीन पिनचाच चार्जर वापरतो, तोही अर्थिंग असलेल्या बोर्डावर. चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या कडेला हात लागला की मुंग्या येतात, टचपॅडवरचा बाण आपोआप उड्या मारतो, अशी तक्रार आपल्याकडे घरोघरी आहे. लॅपटॉप सहसा खराब नसतो. ॲडॅप्टरच्या आतल्या फिल्टरमधून अगदी थोडा प्रवाह अर्थकडे जायला पाहिजे, आणि अर्थच नसला तर तो धातूच्या अंगावर येतो. तीन पिनला दोन पिनचा जोड लावला की हेच होतं. स्पाईक गार्डलाही जास्तीचा दाब पूर्ण काढायला अर्थ लागतो. अर्थिंग नसेल तर त्याचं संरक्षण अपुरं पडतं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो, म्हणून मार्चपासून त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतावं. रब्बीत ओलिताच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की दाब पडतो. तो ॲडॅप्टर सहन करतो, कारण तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो. घातक असतो तो लाईन परत येतानाचा झटका. लाईन गेली की प्लग काढा, आल्यावर पाच मिनिटांनी लावा.

मे महिन्यात पारा ४५च्या आसपास, आणि बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले. दुपारी काम बॅटरीवर, चार्जिंग पहाटे. बायोसमध्ये चार्जिंगची मर्यादा ठरवता येते. उन्हाळ्यात मी ८० टक्क्यांवर थांबवतो, कारण गरम आणि भरलेली बॅटरी सर्वांत लवकर झिजते. बॅगेत टाकण्याआधी स्लीप नाही, हायबरनेट (काम जपून मशीन पूर्ण बंद). कूलरच्या थेट झोतासमोर बसू नका, त्याच्या हवेत पाण्याचे थेंब आणि क्षार असतात.

कापूस घरात आला की बारीक तंतू पंख्यात जातात आणि पंखा व तांब्याच्या जाळीच्या मधे नमद्यासारखी गादी बसते. मशीन तापून हळू होतं ते त्याने. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळानंतर एकदा खालचं झाकण उघडून साफ करावं: आधी बॅटरीचं कनेक्टर काढायचं, पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशने जाळी झाडायची. पाती न धरता ब्लोअर मारला तर पंखा उलटा-सुलटा गरगरून त्याचं बेअरिंग जातं. उघडलंच आहे तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्टही बदलून घ्यावी.

रॅम सध्या ८ जीबीच ठेवली आहे. खाच एकच, त्यामुळे १६ करायची तर ८ची काढूनच ठेवावी लागते. म्हणून मधे ४ची भर घालायचा विचार या मॉडेलमध्ये करू नका, आणि काढलेली पट्टी डीडीआर४ची असल्याने ती त्याच दुकानात बदल्यात देता येते का ते विकत घेतानाच विचारून ठेवा.