कशापासून वेगळं?

शाळेने शिस्त दिली, संस्कार दिले, जन्माचे मित्र दिले, हे या स्मरणिकेत इतरांनी लिहिलं असेलच, आणि ते खरंही आहे. मला मात्र शाळेत मिळालेल्या एका प्रश्नाबद्दल लिहायचंय, कारण त्यावर माझं पोट चालतं. शास्त्रीय निबंधांचं इंग्रजी तपासणं हा माझा व्यवसाय आहे.

आमच्या इंग्रजीच्या बाई वहीतल्या ‘डिफरंट’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल करायच्या आणि समासात एवढंच लिहायच्या: ‘कशापासून?’ फुली नाही, गुण कापणं नाही. उत्तर देता आलं तर शब्द राहू द्यायचा, नाही आलं तर दुसरा शोधायचा. नववीतल्या पोरांना हा निव्वळ छळ वाटायचा. कारण वेगळा, वेगवेगळे, निरनिराळे, विविध, भिन्न या सगळ्यांसाठी आमच्याकडे इंग्रजीत एकच शब्द होता.

‘द बॉइज गेव्ह डिफरंट आन्सर्स’ हे वाक्य घ्या. मुलांची उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती, की सगळ्यांचं उत्तर एकच होतं पण पुस्तकातल्यापेक्षा निराळं होतं? इंग्रजी वाक्य दोन्हीकडे लागू पडतं. मराठी इथे चोख आहे: ‘वेगळी उत्तरं’ म्हटलं की तुलना बाहेरच्या कशाशी तरी, ‘वेगवेगळी उत्तरं’ म्हटलं की आपापसांत. बाईंचं म्हणणं असं की हे आधी मराठीत ठरवा, मग इंग्रजीत शिरा. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलू न देणाऱ्या शिक्षकांविषयी मला तेव्हापासूनच शंका आहे.

फरक आपापसांतला आहे हे ठरलं तरी काम संपत नाही. ‘व्हेरियस’मध्ये मोजणी जास्त आणि फरक कमी असतो. ‘व्हेरियस बुक्स’ म्हणजे बरीच, काही अशी काही तशी पुस्तकं. पण ‘अ व्हेरियस लायब्ररी’ कानाला खटकतं, तो शब्द अनेकवचनाशेजारीच बरा. एकाच गोष्टीच्या पोटात वैविध्य असेल तर ‘व्हेरीड’: ‘अ व्हेरीड करिअर’. ‘डायव्हर्स’ आणखी पुढे जातो, तिथे घटक एकमेकांपासून चांगलेच लांब असावे लागतात. ‘अ डिफरंट ग्रुप’ म्हणजे भलताच गट आणि ‘अ डायव्हर्स ग्रुप’ म्हणजे तऱ्हेतऱ्हेच्या माणसांचा गट, हा फरक मी रोज कुणाला तरी समजावत असतो.

‘डिस्टिंक्ट’ आम्हाला इंग्रजीच्या नव्हे, बीजगणिताच्या तासाला कळला. विवेचक (b² − 4ac ही राशी) शून्याहून मोठा असला की वर्गसमीकरणाची मुळं ‘रिअल अँड डिस्टिंक्ट’. ती २ आणि ३ असोत, नाहीतर २ आणि २.०००१. दोन्हींत अंतर किती, हे हा शब्द विचारतच नाही. त्या दोन गोष्टी आहेत, एक नाही, एवढंच तो सांगतो. म्हणून ‘व्हेरी डिस्टिंक्ट रूट्स’ असं गणितात कुणी लिहीत नाही. रोजच्या बोलण्यात ‘डिस्टिंक्ट’चा अर्थ ‘ठळक’ असाही होतो, ती गोष्ट वेगळी.

‘डिफरंट’नंतर ‘फ्रॉम’च हवं का, यावर बाईंनी वेळ घालवला नाही आणि मीही घालवणार नाही. इंग्लंडात ‘टू’ चालतं, अमेरिकेत ‘दॅन’ चालतं, ‘फ्रॉम’ सगळीकडे चालतं. केवळ ‘फ्रॉम’च शुद्ध हा समज इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने १९२६ सालीच अंधश्रद्धेत काढला होता.

‘डिफर’ आणि ‘व्हेरी’ या क्रियापदांची जोडी मात्र शास्त्रीय लेखनात फार छळते. दोन ठिकाणांची तापमानं ‘डिफर’ होतात. एकाच ठिकाणचं तापमान दिवसभरात ‘व्हेरी’ होतं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९१८च्या आनुवंशिकतेवरच्या निबंधात ‘व्हेरिअन्स’ (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप) ही संज्ञा आणली आणि पुढे त्याच्या विश्लेषणाची जी पद्धत रूढ झाली, तिचा गाभा हाच: एकूण फरकातला गटागटांमधला किती आणि प्रत्येक गटाच्या आतला किती. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला हसू आलं. बाईंनी समासात लिहिलेलाच प्रश्न होता तो, फक्त आकड्यांत.

सर्वांत जास्त पेन्सिल झिजते ती ‘डायव्हर्सिटी’पाशी. १९८६ साली वॉशिंग्टनमध्ये भरलेल्या परिषदेपासून ‘बायोडायव्हर्सिटी’ हा जोडशब्द लोकांच्या तोंडी बसला, आणि १९९२च्या जैवविविधता कराराने त्यात जातींच्या बरोबरीने जातींच्या आतलं आणि परिसंस्थांचं वैविध्यही धरलं. तरी निबंधांत हा शब्द पुष्कळदा नुसत्या ‘संख्ये’साठी येतो. समजा, दोन रानं आहेत. दोन्हींत शंभर झाडं, दोन्हींत दहा जाती. पहिल्यात एकाच जातीची एक्क्याण्णव आणि उरलेल्या नऊंचं एकेक झाड. दुसऱ्यात प्रत्येक जातीची दहा-दहा. जातींची संख्या सारखी, म्हणजे ‘रिचनेस’ सारखा. पण दुसऱ्या रानात डोळे मिटून दोन झाडं निवडली तर ती भिन्न जातींची निघण्याची शक्यता कितीतरी अधिक, म्हणून परिसरशास्त्रज्ञ त्याची ‘डायव्हर्सिटी’ जास्त धरतात. ‘व्हरायटी’ लिहून भागवावं म्हटलं तर वनस्पतिशास्त्रात त्याला जातीखालच्या दर्जाचा नेमका अर्थ आहे, आणि तिथे तो सैल वापरला की परीक्षक निबंध परत पाठवतात.

अलीकडे नोकरीच्या जाहिरातींचे इंग्रजी मसुदेही तपासायला येतात. त्यांत ‘अ डायव्हर्स कँडिडेट’ असतो. एकटा माणूस डायव्हर्स कसा असेल? उमेदवारांचा गट असेल, कर्मचारीवर्ग असेल. बहुतेकांतून वेगळा असा उमेदवार त्यांना म्हणायचा असतो, पण बहुतेक कोण, हे लिहायचं नसतं. म्हणून हा शब्द सोयीचा पडतो. मी तो खोडतो, पुढच्या मसुद्यात तो परत येतो. वापर इतका वाढलाय की या शब्दापुरता बहुधा मीच हरणार. अजून तरी खोडतोय.