पार्किन्सन्सच्या मंडळाला नेमकं काय द्यावं?

"नाशिकमध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्यांना मदत करायची आहे. पैसे द्यावेत की आणखी काही?" हा प्रश्न आम्हाला सारखा येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

पैसे लागतातच. पण एकदम 6,000 देण्यापेक्षा दरमहा 500 द्या. हॉलचं भाडं आणि फिजिओथेरपिस्टचं मानधन दर महिन्याला द्यावं लागतं. देणगीवर आयकरात सवलत (80जी) हवी असेल तर 2,000 रुपयांवरची रक्कम रोख देऊ नका, आणि पॅन नंबर कळवा.

खरी टंचाई असते ती गाडीची. सभा गंगापूर रोडला आणि घर नाशिकरोडला, असं असलं की शुभार्थी घरीच राहतो. (पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. किती नेमके शब्द!) न्यायला जाणार असाल तर आधी फोन करून गोळीची वेळ विचारा. आजार जुना झाला की लेव्होडोपाचा (पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाचा) असर काही तासच टिकतो, आणि येणं-जाणं, व्यायाम, गप्पा सगळं तेवढ्यात बसवायचं असतं. तुम्ही अर्धा तास उशिरा गेलात तर त्यातलाच अर्धा तास जातो.

गाडीत बसवताना आधी पाठ सीटकडे करून बसू द्या, मग दोन्ही पाय आत. दारात, लिफ्टशी, वळणावर पाय एकाएकी जमिनीला चिकटल्यासारखे होतात. तेव्हा हात धरून ओढू नका. अंग पुढे जातं, पाय मागे राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. थांबा, "एक-दोन, एक-दोन" मोजा, किंवा आपलं पाऊल आडवं ठेवून "काका, हे ओलांडा" म्हणा. चाल आपोआप सुरू होत नसली तरी समोर ओलांडायला काही दिसलं की पाय बऱ्याचदा उचलला जातो.

वस्तू द्यायची तर हात असलेल्या, न घसरणाऱ्या, 45 ते 50 सेंटिमीटर उंचीच्या खुर्च्या द्या. मऊ सोफा नको, त्यातून उठता येत नाही. सतरंजी तर नकोच, पाय अडकतो.

नाश्ता देताना मिसळ टाळा, नाशिककरांना कितीही जिवावर आलं तरी! पातळ रस्सा आणि कोरडं फरसाण एकाच घासात आलं की गिळताना ठसका लागतो. शिवाय मटकीतली प्रथिनं लेव्होडोपाच्या शोषणात आड येतात. मऊ उपमा चांगला, तोही गोळीनंतर अर्ध्या तासाने.

उरलेल्या गोळ्या आणि खाजकुइलीची पूड मात्र कृपा करून आणू नका. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपाच असतं. चालू गोळ्यांत त्याची भर पडली की मात्रा वाढते, अंग आपोआप वळवळू लागतं, मळमळतं, रक्तदाब उतरतो.

आणि शुभंकरालाही विसरू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दोन तास त्यांच्या घरी बसा. पुढची गोळी किती वाजता, ती कुठे ठेवली आहे आणि बाथरूमला जाताना आधार लागतो का, एवढं विचारून घ्या आणि त्यांना निर्धास्त बाहेर जाऊ द्या.