चौदा पुड्या

ऑक्टोबरातली गोष्ट, आता एप्रिल संपत आला तरी डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसले. मी लॅब टेक्निशियन. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बंदरांवर खलाशांमधल्या हिवतापाचा एक अभ्यास चालू आहे, त्यात माझं काम रक्त घेणं, स्लाइड वाचणं, आणि माणसं कमी असल्यामुळे गोळ्या देणं आणि समजावणंही. बंदराचं नाव लिहीत नाही, त्या मुलाचंही नाही.

मिरकरवाडा, हर्णै, जयगड, नाटे, कुठल्याही जेटीवर जाऊन बघा, मालक इथला, तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या, तोही बहुतेक इथला, पण जाळं ओढणारी पोरं बाहेरची. नेपाळ, कर्नाटक, ओडिशा, झारखंड. ती बोटीवरच जेवतात, बोटीवरच झोपतात. गावात ताप सर्व्हे होतो तेव्हा आशाताई घरं मोजते, आणि बोट म्हणजे घर नव्हे, त्यामुळे ही पोरं कुणाच्याच यादीत नाहीत. आम्ही सर्व्हे शुक्रवारी ठेवला कारण आमच्या बंदरातले बरेचसे तांडेल मुसलमान, जुम्म्याला बोटी किनाऱ्याला असतात. हे साधं गणित कळायला आम्हाला दोन महिने लागले, त्याआधी सोमवारी जाऊन रिकाम्या जेटीवर मांजरं मोजून परत यायचो.

स्लाइडबद्दल थोडं सांगते, कारण त्याचा मला अभिमान आहे. खलाशाचं बोट म्हणजे दोर ओढून ओढून घट्टे पडलेलं, लॅन्सेट टोचली तरी रक्त येत नाही. डाव्या हाताच्या अनामिकेच्या टोकाच्या जरा बाजूला टोचायचं, तिथे कातडी थोडी मऊ असते. हवा दमट, जाड थेंब सुकायला अर्धा तास घेतो, आणि तेवढ्यात माशा येतात. मासळीच्या जेटीवरच्या माशा ओला थेंब अक्षरशः खाऊन टाकतात, स्लाइडवर मधेच भोकं पडतात, आणि जे खाल्लं गेलं त्यात काय होतं ते तुम्हाला कधीच कळत नाही. मी घरातलं भाकऱ्या झाकायचं जाळीचं झाकण घेऊन जायला लागले. पुढे जेएसबी स्टेन करायचा, म्हणजे जंतू दिसावेत म्हणून स्लाइड रंगवायची, मायक्रोस्कोपच्या ऑइल लेन्सखाली १०० फिल्ड, म्हणजे शंभर वेगवेगळ्या जागा बघायच्या, मगच निगेटिव्ह लिहायचं. झटपट किट आता सगळीकडे आहे, पण किट फक्त रेघ दाखवते. पातळ फिल्ममधे फुगलेली लाल पेशी आणि तिच्या आत वेडावाकडा पसरलेला व्हायवॅक्स, ही हिवतापाच्या जंतूची एक जात, बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तर त्या शुक्रवारी हा मुलगा आला. नेपाळच्या तराईतला, वय विचारलं तर म्हणाला चोवीस असेल. एक दिवसाआड थंडी वाजून ताप. किटवर व्हायवॅक्सची रेघ, स्लाइडवर पण व्हायवॅक्स, गॅमिटोसाइट, म्हणजे जंतूची डासात जाणारी अवस्था, तीही होती, म्हणजे त्याला चावलेला डास पुढे दुसऱ्याला देणार. मेडिकल ऑफिसरांनी ठरलेला कोर्स लिहिला, क्लोरोक्वीन तीन दिवस, ४-४-२ गोळ्या, आणि प्रायमाक्वीन १५ मिलिग्रॅम रोज, १४ दिवस. क्लोरोक्वीनने रक्तातले जंतू मरतात आणि ताप जातो, पण व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी उठतात, त्यांना मारायला प्रायमाक्वीन. ताप तिसऱ्या दिवशी गेलेला असतो म्हणून लोक उरलेल्या अकरा दिवसांच्या गोळ्या खात नाहीत, हे आमचं रोजचं दुखणं.

बोट पहाटे सुटणार होती. मी बसून चौदा पुड्या बांधल्या, एकेका पुडीत साडेसात मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. तारखा टाकणार होते, मग लक्षात आलं की त्यांचं पंचांग वेगळं, पण लिपी आपलीच आहे, अंकही आपलेच, म्हणून पुड्यांवर नुसते १ ते १४ आकडे टाकले आणि सगळ्या एका झाकणाच्या बरणीत भरल्या, पाणी लागू नये म्हणून. तांडेलला बोलावून दोघांनाही सांगितलं की लघवी काळी झाली, डोळे पिवळे झाले, दम लागला तर गोळी त्याच क्षणी बंद आणि किनाऱ्याला यायचं. हे सांगायचंच असतं, मार्गदर्शक सूचनेत आहे, आणि मी सांगितलं.

पण त्याआधी काय झालं ते मला सलतंय. पुड्या बघून तो म्हणाला, "मॅडम, ये गोली गर्मी करता है." आता कोकणात अशी एक गोळी नाही जी कुणाला गरम पडत नाही. म्हाताऱ्या बायकांना बीपीची गोळी गरम पडते, गरोदर बाईला लोहाची गरम पडते, दिवसातून दहा वेळा ऐकतो आम्ही. मी म्हटलं पाणी जास्त पी, कोकम घे, पण एक पण पुडी चुकवायची नाही, चौदाच्या चौदा, मला वचन दे. त्याने मान हलवली. गर्मी म्हणजे तुला नक्की काय होतं, एवढं एक वाक्य मी विचारलं नाही.

मंगळवारी दुपारी मालकाचा फोन. बोट खोल पाण्यात होती, तिथून मोबाइल लागत नाही, तांडेलने वायरलेसवरून किनाऱ्याजवळच्या दुसऱ्या बोटीला सांगितलं, त्यांनी मालकाला, मालकाने मला. निरोप एवढाच होता, पोराची लघवी कोऱ्या चायसारखी, बोट मागे फिरवलीय.

रात्री अकराला बोट लागली. चौघांनी त्याला उचलून जेटीवर घेतलं. तांडेलने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली, अर्धी भरलेली. मी टॉर्च पाडला. कोरा चहा नाही, त्याहून काळी, कडेला धरली की लालसर दिसत होती. अशी लघवी पुस्तकात वाचली होती, हातात पहिल्यांदाच धरली. मुलाचे डोळे हळदीसारखे, ओठ पांढरे, बोलताना धाप. सरकारी रुग्णालयात पोचेपर्यंत बारा वाजले. हिमोग्लोबिन ५.८. दोन पिशव्या रक्त लागलं, त्यातली एक तांडेलने दिली. किडनी वाचली, ड्युटीवरच्या डॉक्टरांनी रात्रभर सलाइन आणि लघवीचं माप सोडलं नाही, हे मी नोंदवून ठेवते कारण सरकारी दवाखान्याबद्दल लोक बोलतात तेव्हा हे कुणी बोलत नाही.

झालं होतं असं की त्याच्या लाल पेशींमधे जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी आहे. जन्मजात असतं, आईकडून मुलाला येतं, एरवी माणूस ठणठणीत, दोर ओढतो, जाळं ओढतो. प्रायमाक्वीन पोटात गेली की त्याच्या पेशी फुटायला लागतात आणि फुटलेल्या पेशींचा रंग लघवीतून बाहेर पडतो. हे १९५६ पासून माहीत आहे जगाला. गोळीआधी तपासणी करावी असं सगळे म्हणतात, जेटीवर ती तपासणी नसते, म्हणून लघवीवर लक्ष ठेवा असं सांगायचं.

आणि इथेच मला ते कळलं जे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तांडेलला विचारलं, कधी लक्षात आलं? तो म्हणाला, "ताई, बोटीवर लघवी कोण बघतो? कठड्यावरून समुद्रात जाते." बोटीवर संडास नसतो. रंग दिसायचा प्रश्नच नाही, त्यात पहाटेचा काळोख. सोमवारी जाळं ओढताना हा मधेच खाली बसला, तांडेलला माझं बोलणं आठवलं, त्याने बाटली दिली आणि म्हणाला ह्यात कर. तांडेलचं डोकं चाललं म्हणून पोरगा जिवंत आहे. अर्ध्या फेरीतून रिकामी बोट आणली, डिझेल गेलं, बर्फ गेला, सगळ्यांचा वाटा बुडाला, त्याबद्दल त्याने मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. सूचना मात्र लिहिणाऱ्यांनी अशा घरासाठी लिहिली आहे जिथे संडास आहे आणि संडासात दिवा आहे.

बरणी तशीच परत आली होती. ४ नंबरची पुडीही रिकामी. दुसऱ्या दिवशी वॉर्डात मी विचारलं, त्रास तर तिसऱ्याच दिवशी सुरू झाला होता ना, मग चौथी का घेतलीस? म्हणाला, मॅडमने बोला था.

मग मी तो प्रश्न विचारला जो शुक्रवारी विचारायला हवा होता. गर्मी म्हणजे काय? पेशाब लाल होता है, चक्कर आता है, साँस चढ़ता है. आधी कधी झालंय? दोन वेळा. कुठे? त्याने दोन बंदरं सांगितली.

त्या रात्री मी लाइन लिस्ट, म्हणजे रुग्णांची ओळीवार यादी, उघडून बसले. जिल्ह्यातल्या पॉझिटिव्ह रुग्णांच्या नोंदी आमच्याकडे येतात, अभ्यासासाठी. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमधे एका ठिकाणी नुसतं "बहादूर", वय २०. मार्चमधे दुसऱ्या ठिकाणी त्याचं खरं नाव, पण आडनाव म्हणून "नेपाळी", वय २८. ऑक्टोबरात आमची ओळ. दोन्ही जुन्या नोंदींत मोबाइल नंबर एकच, आताच्या ह्याच मालकाचा. तीन रुग्ण नव्हते ते, एकच माणूस, बहुधा एकच जंतू पुन्हा पुन्हा उठलेला. दोन्ही जुन्या ओळींपुढे शेरा होता: उपचार अपूर्ण, रुग्ण निघून गेला.

निघून गेला. तो कुठे गेला नव्हता, तीन-चार गोळ्यांनंतर लघवी लाल झालेली बघून त्याने गोळी बंद केली होती. दोन्ही वेळा तो किनाऱ्यावर खोलीत होता, डोळ्यांनी बघू शकत होता, आणि जे मोठ्या डॉक्टरने करायला सांगितलं असतं तेच त्याने आपल्या अकलेने केलं. आम्ही त्याला बेजबाबदार लिहिलं. तिसऱ्या वेळी मी भेटले आणि वचन घेऊन त्याला नीट गोळ्या खायला लावल्या.

सहकाऱ्यांना दाखवलं तर एकजण म्हणाला, ही माणसं अशीच, कितीही सांगा, गोळ्या टाकून देतात. बरणी बघूनही म्हणाला. मला त्याच्यावर राग आला आणि मग आठवलं की शुक्रवारपर्यंत मीही हेच म्हणायचे.

अजून एक गोष्ट. तिन्ही नोंदींत "आयात रुग्ण" लिहिलंय. पत्ता नेपाळचा म्हणजे ताप नेपाळहून आणला. गावातही हेच म्हणतात, नेपाळ्यांनी मलेरिया आणला. हा मुलगा पहिल्या तापाच्या आधी वर्षभर घरीच गेलेला नव्हता, वॉर्डात मी नीट महिने मोजून घेतले. बोटीवर प्यायच्या पाण्याची पिंपं असतात, त्यातल्या कित्येकांना झाकण नाही, तिथे डासाच्या अळ्या मी स्वतः चमच्याने काढल्यात. देशाला २०३० पर्यंत हिवताप संपवायचाय. "आयात" लिहिलं की गावाचा आकडा स्वच्छ राहतो, आणि पिंपाला झाकण कुणी घालत नाही.

त्याचं रक्त बर्फात घालून तपासायला मुंबईला पाठवलं, तर रिपोर्ट आला नॉर्मल. मला धक्काच बसला, पण फिजिशियन म्हणाले असंच येणार, कमी एन्झाइमच्या जुन्या पेशी सगळ्या फुटून गेल्या, आता रक्तात नव्या पेशी आहेत, त्यांच्यात जास्त असतं, शिवाय दुसऱ्याचं रक्त चढवलंय. तीन महिन्यांनी परत करा. जानेवारीत परत केलं, कमतरता निघाली. तो रिपोर्ट लॅमिनेट करून दिलाय, मागे मराठी, हिंदी आणि एका खलाशाकडून लिहून घेतलेल्या नेपाळीत, ह्याला प्रायमाक्वीन देऊ नये, डॉक्टरांनी आधी हे वाचावं. तांडेलच्या बोटीवर सुकाणूपाशी एक पारदर्शक बाटली टांगलीय आणि शेजारी चहाच्या रंगांचा कागद चिकटवलाय, आता ह्या बंदरातल्या अकरा बोटींवर तसा आहे. लाइन लिस्टमधल्या त्या दोन ओळी दुरुस्त करायला मी दोनदा अर्ज केला. गोळीने त्रास झाला म्हणून बंद केली, असा पर्यायच तिथे नाही.

आणि यकृतातले जंतू अजून तिथेच आहेत. कमतरता असणाऱ्यांसाठी दुसरी पद्धत आहे, किलोला ०.७५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच, आठ आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली. एक डॉक्टर म्हणतात देऊया, दर वेळी आधी हिमोग्लोबिन बघून. दुसरे म्हणतात दोन पिशव्या रक्त लागलेल्या माणसाला परत तीच गोळी मी देणार नाही, ताप आला की क्लोरोक्वीन द्या आणि सोडा. दोघांचंही मला पटतं, हाच त्रास आहे. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत, समुद्रात जाणार असेल तर अजिबात नाही, आठही आठवडे रुग्णालयाजवळ राहायला हवा.

मासेमारी बंद असते १ जून ते ३१ जुलै. एकसष्ट दिवस, आठ आठवडे बरोबर बसतात. वर्षात सलग तेवढाच काळ तो जमिनीवर असतो, आणि दोनहून जास्त वर्षांनी पहिल्यांदा त्याच काळात तो घरी जाणार आहे, तिकीट काढून झालंय. मागच्या शुक्रवारी मी त्याला सगळं समजावून सांगितलं, ह्या वेळी घाई न करता, दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं, दोन्हीतला धोका. वचन मागितलं नाही. तो बराच वेळ ते लॅमिनेट केलेलं कार्ड हातात फिरवत बसला, मग म्हणाला, आईला बघून येतो, मग तुम्ही सांगाल तसं.

मी रेल्वेच्या तारखा बघतेय. त्याच्या गावाजवळ हिमोग्लोबिनची तपासणी कुठे होते ते त्याला फोनवरून विचारायला सांगितलंय, उद्या शुक्रवार आहे.