मागं बाबा बसले की फ्यूज उडतोय (जुनी १०० सीसी बाइक, भाग ३)

मागच्या भागात कार्ब्युरेटर आणि टॅपेट झाले होते, म्हटलं आता चार महिने तरी पान्याला हात लावायचा नाही, तर हे नवीनच निघालं. बाबांना घेऊन निपाणीतनं संकेश्वरला चाललो होतो, तवंदी घाट मस्त चढली, काही तक्रार नाही आणि संकेश्वरात शिरताना एका स्पीड ब्रेकरवर हॉर्न गेला, इंडिकेटर गेले, न्यूट्रलचा दिवा गेला, सेल्फ पण गेला. इंजिन मात्र चालूच.

ह्यावरनंच कळतं फ्यूज गेलाय म्हणून. आमच्या गाडीत सीडीआयला (प्लगला ठिणगी देणारा डबा) करंट इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटमधल्या वेगळ्या कॉइलवरनं येतोय, हेडलाइट पण मॅग्नेटच्याच एसी करंटवर, बॅटरीचा संबंधच नाही, म्हणून फ्यूज उडाला तरी किक मारली की गाडी चालू आणि हेडलाइट लागतोय. नवीन एफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्यूएल इंजेक्शन) गाड्यांत असं चालत नाही बरं का, तिथं मेन फ्यूज गेला की गाडी जाग्यावर थांबली.

संकेश्वरातच एका गॅरेजात दाखवली. तिथल्या अण्णांनी साइड कव्हर काढलं, बॅटरीशेजारी स्टार्टर रिले (सेल्फला करंट देणारा स्विच), त्यालाच फ्यूज, "फ्यूज होगैत्री" (फ्यूज गेलाय) म्हणाले कन्नडमध्ये आणि खिशातनं काढून पिवळा लावून दिला. दोन मिनिटांत काम, पैसे पण घेतले नाहीत. मी पण खूश होऊन घरी आलो. घरी येऊन कव्हरवर बघतोय तर १० अँपिअर लिहिलंय आणि पिवळा म्हणजे २० चा! लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०, एवढं तरी पाठ पाहिजेच. फ्यूज वायरीला वाचवायला असतोय, बल्बाला नाही, १० च्या वायरीवर २० चा घातला की फ्यूज राहतोय आणि वायर वितळती, ती पण टाकीखाली, पेट्रोलच्या शेजारी. (निपाणीत तंबाखूला तोटा नाही पण म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूजच्या जागी घालायची नसती. आमच्याच गल्लीतल्या दोन गाड्यांत बघितलीय.)

लाल १० चा लावला. आठ दिवस एकटा फिरलो, काय झालं नाही. बाबांना घेऊन बाजारात गेलो, परत उडाला. परत नवीन, परत आठ दिवस ठीक, परत बाबा, परत उडाला. बाबा म्हणाले, "माझ्या वजनाचा आणि फ्यूजचा काय संबंध रे?" मी हसलो पण डोक्यात तेच बसलं.

रविवारी सकाळी बसलो. उडालेला फ्यूज उजेडात धरून बघितला, आतली पट्टी नुसती तुटलेली नव्हती, प्लास्टिक आतनं काळं झालेलं. जरा जास्त लोड आला की पट्टी बहुतेक मधनं वितळून निवांत तुटती, असं काळं झालं म्हणजे वायर सरळ बॉडीला लागली असणार. नुसत्या डोळ्यावर मात्र विश्वास ठेवू नका, बारीक चीर असली तर फ्यूज चांगलाच दिसतोय. मल्टिमीटरची (व्होल्ट मोजायचा मीटर) काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात त्यांना एकेक करून लावायची, चावी ऑन. दोन्हीकडं १२ च्या वर आलं तर फ्यूज ठीक, एकीकडंच आलं तर गेला. मीटरच्या बझरवर (तार जोडलेली असली की वाजतोय तो) बघायचा असला तर फ्यूज बाहेर काढूनच बघा, जाग्यावर ठेवून बझर लावला की दुसऱ्या वाटेनं पण वाजतोय आणि फसवतोय.

आता खरी मजा. प्रत्येक वेळी नवीन फ्यूज जाळून शॉर्ट शोधायला परवडत नाही, म्हणून फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब वायरी लावून जोडला. शॉर्ट असला तर सगळा करंट बल्बातनंच जाणार, बल्ब फुल पेटणार, वायरीला काय होत नाही. चावी ऑन केली, न्यूट्रलचा दिवा लागला, माझा बल्ब काळाच. बरोबर आहे, तो दिवा इवलासा, एवढ्याशा करंटवर २१ वॅटचा कुठं पेटतोय. मागचा ब्रेक दाबला, ब्रेकलाइट आणि माझा बल्ब दोन्ही निम्मे-निम्मे पिवळट. हे पण बरोबर, दोन्ही २१ वॅटचे, १२ व्होल्ट वाटून घेतात. हँडल पूर्ण डावीकडं-उजवीकडं फिरवलं, टाकीखालची वायरिंग हलवली, काहीच फरक नाही. तासभर गेला ह्यातच.

मग बाबांना बोलावलं. "बसा जरा मागं." चहाचा कप हातात घेऊनच बसले. मी ब्रेक दाबला आणि माझा बल्ब फाडकन पांढरा, ब्रेकलाइट विझला! बाबा उतरले, परत दोन्ही पिवळट. तीन वेळा बसवलं-उतरवलं त्यांना, चौथ्या वेळी कप ठेवून आत निघून गेले.

मागचं मडगार्ड खालनं धुतलं. ब्रेकलाइटची हिरवी-पिवळी वायर धरणारी क्लिप मोडलेली, वायर खाली लोंबकळती. मागं वजन आलं की चाक वर येतंय, पावसाळाभर चिखल लागलेला टायर वायरीला घासून घासून वरचं रबर खाऊन गेलाय आणि उघडी तांब्याची तार मडगार्डच्या पत्र्याला दाबली जाती. त्या वायरीत करंट येतोय फक्त ब्रेक दाबल्यावर, म्हणजे मागं बाबा पाहिजेत आणि ब्रेक पण पाहिजे. स्पीड ब्रेकरवर दोन्ही एकदमच होतंय!

खराब तुकडा कापला, नवीन वायर सोल्डर केली, वरनं स्लीव्ह चढवली, नवीन क्लिप घालून वायर मडगार्डच्या कडेनं वर नेली. फ्यूजचे पाय बसतात ती जागा पण हिरवी पडली होती, पॉलिश पेपरनं घासली. लाल १० चा लावला, दोन स्पेअर साइड कव्हरमध्ये टेपनं चिकटवले.

परवा संकेश्वरला परत जाऊन आलो, दोघंच. जाताना-येताना एकूण एक स्पीड ब्रेकरवर बाबा मागनं विचारत होते, "हॉर्न वाजतोय का बघ की." वाजत होता.

पुढच्या भागात चेन स्प्रॉकेट, सामान कोल्हापुरातनं आणायचं का बेळगावातनं ते अजून ठरायचंय.